दादाच्या चिठ्ठ्या

कालव्यावरचा भिकू पाटकरी शाळेच्या दारात येऊन उभा राहिला तेव्हा मी तिसरीच्या मुलींना शुद्धलेखन घालत होते. त्याच्या काखेत पट्ट्यांनी आवळलेल्या दोन लाकडी फळ्या होत्या. त्या मी लांबूनच ओळखल्या. झाडपाला दाबून वाळवायच्या त्या फळ्या माझा भाऊ कधी दुसऱ्याच्या हाती देत नसे, त्यामुळे भिकूनं तोंड उघडायच्या आधीच मला कळायचं ते कळलं. "बाई, सायेब गेलं," तो म्हणाला. "आज फाटं. छातीत कळ आली. इंदापुरास्नं पैल्या मोटारीनं आलोय." मग त्यानं फळ्या पुढं केल्या. "काल म्हनलं हुतं, ह्यातलं कागद बदलायचं ऱ्हायल्यात, बाईंकडं पोचीव..." ओल्या रोपाच्या खालचे-वरचे कागद रोज बदलावे लागतात, नाहीतर पानं काळी पडतात. मी मुलींना घरी सोडलं, घरी आले आणि आधी कागद बदलले. शेजारच्या काकू दारातून म्हणाल्या की हिला धक्का बसलाय. धक्का वगैरे काही नव्हता. गेली चौदा-पंधरा वर्षं दादाचं आणि माझं जे काही होतं ते त्या कागदांतूनच होतं, आणि त्या घटकेला मला दुसरं काही सुचेना. मग दुपारच्या मोटारीनं मी भिकूबरोबर इंदापूरला गेले.

त्याला आता पाच आठवडे झाले. भेटायला येणारी माणसं अजून येतात. चहा घेतात, उसासा सोडतात आणि सगळी जवळजवळ एकच आठवण सांगतात, की गणपतराव म्हणजे झाडांची नावं बदलणारा इन्स्पेक्टर. बारामतीच्या बाजारात त्याची तीच ओळख होती. कुणी भेटलं की विचारायचं, "काय सायेब, आज बाभळीचं नाव काय ठेवलंय?" दादा हसायचा. मला मात्र ते कधीच आवडलं नाही. या पुरवणीच्या संपादकांनी आठवणी लिहायला सांगितल्या तेव्हा खरं तर अंगात त्राण नव्हतं आणि अजूनही नाही. पण दादाच्या नावावर एक ठपका आहे. तो कुठं छापलेला नाही. शाईनं लिहून तेवीस कागदांवर चिकटवलेला आहे. तो ठपका त्याचा नाही, माझा आहे. हे मी सांगितलं नाही तर दुसरं कुणी सांगणार नाही, कारण दुसऱ्या कुणाला ते ठाऊकच नाही.

आम्ही पिंपळीचे. वडिलांची कालव्याखाली थोडी बागाईत होती, वांगी, मिरच्या, कडेनं पेरूची झाडं. दादा शिकायला पुण्याला गेला, कॉलेजात दोन वर्षं काढली, आणि वडील गेले तसा परत आला. तिथं त्याला वनस्पतिशास्त्राची जी गोडी लागली ती मात्र गेली नाही. कालव्यावर त्याला नोकरी मिळाली. पाळीप्रमाणे पाणी सुटतं की नाही, कुणी चोरून चारी फोडली का, हे बघत बारामतीपासून इंदापूरपर्यंत कालव्याच्या काठानं हिंडायचं. पोटासाठी तो पाणी बघायचा आणि जिवासाठी काठावरचं गवत. वहिनी पहिल्या बाळंतपणातच गेली होती, पुन्हा त्यानं मनावर घेतलं नाही. मी एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आले. बाईमाणसानं घरात बसून कुजू नये म्हणून त्यानंच मला पुण्याला मास्तरणीच्या ट्रेनिंगला घातलं. भावकीत त्यावरून बरंच बोलणं झालं. दादा कुणाशी भांडला नाही, नुसता माझी ट्रंक उचलून मोटारीच्या टपावर टाकून मोकळा झाला. पुढं मला बारामतीच्या मुलींच्या शाळेत जागा मिळाली, आणि घरातली एक खोली त्याच्या झाडांची झाली.

काम असं चालायचं. दादा शनिवारी फळ्या घेऊन यायचा. वाळलेलं रोप जाड कागदावर मांडायचं आणि सुईदोऱ्यानं टाके घालून बसवायचं. हे टाके माझे. देठाला इजा न होता टाका कसा घालायचा हे मला कुणी शिकवलं नाही, चोळीला हुक लावणाऱ्या बाईला ते जमतंच. मग उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी. तिच्यावर नंबर, लॅटिन नाव, गावाकडचं नाव, कुठं सापडलं, कोणत्या दिवशी, जमीन कसली, नि उपटणाऱ्याचं नाव. दादाचं अक्षर म्हणजे मुंग्या शाईत बुडवून सोडल्यासारखं, म्हणून पुढं पुढं चिठ्ठ्याही मीच लिहू लागले. पण जुन्या कागदांवर त्याच्याच पेन्सिलीतल्या चिठ्ठ्या होत्या. कुठं चिखलाचा डाग, कुठं चहाचा. आणि त्याच्याखाली दुसरी चिठ्ठी, तिच्याखाली तिसरी. कारण नावं बदलायची.

पहिल्यांदा पळसाचं नाव बदललं तेव्हा मी चिडले होते. आमच्या जाड इंग्रजी ग्रंथात त्याला ब्युटिआ फ्राँडोसा म्हटलेलं. मी दोन कागदांवर ते सुरेख अक्षरात लिहिलं, आणि महिन्याभरानं दादा म्हणतो की आता ब्युटिआ मोनोस्पर्मा लिही. मी विचारलं, पळसाला काय झालं? "पळसाला काय व्हनार? पत्रावळ त्याचीच लावायची," तो म्हणाला. मग मांडी घालून त्यानं समजावलं. फ्राँडोसा हे नाव एकानं ठेवलं. पण त्याच्या काही वर्षं आधीच दुसऱ्या एकानं त्याच झाडाला मोनोस्पर्मा, म्हणजे एका बीचं, असं नाव देऊन ठेवलं होतं. फक्त त्यानं ते झाड पांगाऱ्याच्या घराण्यात घातलं होतं आणि ते घराणं चुकलं होतं. सगळ्या देशांतल्या पंडितांनी मिळून नियम केलाय की आधीचं नाव ते खरं. तेव्हा घराणं बरोबर ते घ्यायचं आणि नाव आधीचं. "अगं, काटेवाडीचा तुकाराम दत्तक गेला. आडनाव बदललं, पर तुकाराम तुकारामच ऱ्हायला का न्हाय? तसंच हे." मी म्हटलं, मग हे शंभर वर्षं कुणाला कसं दिसलं नाही? "जुनी पुस्तकं कुठल्या तरी कपाटात पडलेली असत्यात यमू. कुनी उघडलं की दिसतं." एकाच झाडाला दहा देशांत दहा माणसं दहा नावं ठेवणार, कुणाला कुणाचा पत्ता नाही, मग कोणतं तरी एक धरायला काहीतरी रीत हवी, एवढंच ते होतं. मला पटलं, पण चिठ्ठी पुन्हा लिहायचा कंटाळा काही गेला नाही.

कडुनिंबाचं प्रकरण वेगळं. एका ग्रंथात तो बकाणनिंबाच्या घरात, दुसऱ्यात त्याचं घर स्वतंत्र. इथं आधी-नंतरचा प्रश्न नव्हता, दोघे पंडित सरळ एकमेकांच्या विरुद्ध बोलत होते. मी विचारलं की यातला खोटा कोण? दादा म्हणाला, "कुनीच न्हाय. पानं दोघांनीबी मोजली, फूल दोघांनीबी फोडलं, दोघांना सारखंच दिसलं. रान एकच हाय, बांध कुठं घालायचा ह्याचा वाद हाय." आमच्या आळीतले वैद्य एकदा ओट्यावर बसून त्याची टिंगल करत होते, आमच्या शास्त्रात हजार वर्षांत नाव बदललं नाही म्हणून. दादानं त्यांच्याकडून शंखपुष्पी मागून आणली, मग आणखी दोघा वैद्यांकडून आणली, आणि तिन्ही पुरचुंड्या त्यांच्यापुढं उघडून ठेवल्या. तीन झाडं, तीन रंगांची फुलं. नाव तेवढं एक. वैद्यबुवा त्यानंतर आमच्या ओट्यावर फारसे बसले नाहीत.

आता मूळ गोष्टीकडं येते. लासुर्ण्याच्या अलीकडं तेव्हा मुरमाड माळ होता. तिथं दादाला एक वीतभर उंचीचं रोप सापडलं, बारीक पानांचं, फिकट निळ्या फुलाचं, अंगभर लव असलेलं. शेतकरी त्याला नावानं ओळखत नव्हते, त्यांच्या लेखी ते गवत. त्याच्यासारखंच, पण बिनलवेचं, एक रोप पिंपळीच्या, काटेवाडीच्या बांधांवर पैशाला पासरी मिळायचं. दादाला वाटलं, हे माळावरचं वेगळं आहे. त्यानं एक नमुना पुण्याच्या प्रोफेसरांना पाठवला, एक कलकत्त्याला. पुण्याहून उत्तर आलं की ही स्वतंत्र जात असावी. कलकत्त्याहून आलं की तीच नेहमीची जात आहे, कोरड्या जमिनीमुळं अंगावर लव आलेली. मी कपाळाला हात लावला. दादा मात्र दोन्ही पत्रं मांडीवर घेऊन कितीतरी वेळ बसला होता. तो एवढा सुखात मला क्वचित दिसला असेल. त्यानं मला सांगितलं की याचा निकाल लागण्यासारखा आहे. दोन्हीकडच्या जमिनींतून, मधल्या गावांतून भरपूर रोपं गोळा करायची. लवेचं नि बिनलवेचं यांच्या मधलं, थोड्या लवेचं रोप मधल्या गावांत सापडलं, तर कलकत्तेवाले खरे, ती एकच जात. एकही मधलं सापडलं नाही, तर ते दोन भाऊ नव्हेतच, दोन वेगळी कुळं. "मंग त्याला नाव द्यावं लागंल," तो म्हणाला. कॉलेज अर्धवट सोडलेल्या माणसाच्या हातून एका रोपाला नाव मिळणार होतं, आमच्या तालुक्यातल्या रोपाला. दोन हिवाळे त्यानं त्याच्यापायी तंगडतोड केली. तेवीस कागद झाले. सगळे मी शिवले.

प्रोफेसर ते बघायला स्वतः बारामतीला येणार असं पत्र आलं तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी होती. उसाला पाण्याची ओढ, त्यामुळं दादा तीन आठवडे इंदापुरातच अडकलेला. नव्या नियमांप्रमाणे बदललेल्या नावांची यादी त्यानं टपालानं पाठवली आणि लिहिलं, "नवी नावं घालून ठेव." मी खोली उघडली. कागद काढून बघितले, आणि मला दादाची लाज वाटली... म्हणजे त्याच्यासाठी लाज वाटली. एकेका कागदावर तीन-तीन चिठ्ठ्या. आधी हे नाव, मग खोडून ते, मग त्याच्यावर प्रश्नचिन्ह. पेन्सिलीचे फराटे, चिखलाचे डाग. पुण्याहून एवढा विद्वान माणूस येणार, आणि त्याला काय दिसणार? बाजारात हसतात तेच, की ह्याला एक नाव धड ठरवता येत नाही. मी शाळेत दर वर्षी नवा हजेरीपट करते. मुलगी वरच्या वर्गात गेली की नवं पान, स्वच्छ अक्षर, जुना पट बाद. माझ्या हिशेबी हेही तसंच होतं.

मी ओल्या फडक्यानं सगळ्या जुन्या चिठ्ठ्या सोडवल्या. खळ केली. नव्या चिठ्ठ्या कापल्या, एकसारख्या, पट्टी धरून. प्रत्येकीवर एकच नाव, माझ्या चांगल्यातल्या चांगल्या अक्षरात. त्या तेवीस कागदांवर वेगवेगळी गावं नि वेगवेगळे दिवस होते. मला वाटलं की एका जातीचं रोप, सगळ्यांवर सगळी गावं लिहिली म्हणजे पाहणाऱ्याला एकदम कळेल. म्हणून तेवीसच्या तेवीस चिठ्ठ्यांवर मी लिहिलं, "पिंपळी, काटेवाडी, लासुर्णे आणि मधली गावं." आणि जुन्या चिठ्ठ्यांचा ढीग न्हाणीच्या चुलीत घातला. त्यावर पाणी तापवून मी डोक्यावरून अंघोळ केली, आणि फार दिवसांनी घर आवरून झाल्यासारखं मला बरं वाटलं.

दादा शनिवारी आला. मी मुद्दाम काही बोलले नाही, तोच बघू दे म्हटलं. त्यानं पहिला कागद काढला, दुसरा काढला, मग भराभर सगळे. मला वाटलं, आता म्हणेल, यमू, काय सुरेख केलंस. तो म्हणाला, "जुन्या चिठ्ठ्या कुठं हायत?" मी सांगितलं. तो खाली बसला. पंख्यानं वारा घ्यायचा तसा एक कागद उगीच हालवत राहिला. शेवटी म्हणाला, "आता ह्यातलं कुठलं कुठलं, हे कसं कळायचं?" तेव्हा कुठं माझ्या डोक्यात लख्ख झालं. कोणतं रोप लासुर्ण्याच्या माळावरचं आणि कोणतं काटेवाडीच्या बांधावरचं हे सांगणारी एकच गोष्ट जगात होती आणि तिच्यावर मी पाणी तापवलं होतं. माणूस चुकला की आधी भांडतो, तशी मीही भांडले. "तू किती वेळा चुकला होतास, त्याच चुका काढल्या मी. लोकं हसतात तुला." दादाचा आवाज चढला नाही. तो म्हणाला, "चुका न्हवत्या गं त्या. त्या त्या दिवशी तेवढंच कळलं हुतं. उद्याच्या मानसाला कळाया पायजे, आधी कुनाला काय वाटलं, आन् का वाटलं. म्हनून जुनी चिठ्ठी कुनी काढत न्हाय. तिच्या खालती आपली लावायची, सही करून." हे त्यानं मला पूर्वी सांगितलं होतं का, मला आठवत नाही. बहुधा सांगितलं असेल. तेव्हा मी टाके घालत असेन.

त्याच्या वहीत नोंदी होत्या, पण त्या चिठ्ठीवरच्या नंबराप्रमाणे. नंबर चिठ्ठीबरोबर गेले, तारखाही.

प्रोफेसर आले. सौम्य माणूस, उन्हानं लाल झालेला. त्यांनी कागद एक एक करून खिडकीशी धरून पाहिले, भिंग लावलं. मधलं, थोड्या लवेचं रोप त्यांना दोन कागदांवर सापडलं. "ही दोन कुठली?" त्यांनी विचारलं. सगळा निकाल तेवढ्यावर होता. मी दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. दादा म्हणाला, "नक्की सांगता येणार नाही साहेब. चिठ्ठ्यांत माझा घोळ झालाय." माझा, असं म्हणाला. मी ट्रे ठेवला आणि आत गेले. बोलायला हवं होतं. आत जाऊन मी पोह्यांना फोडणी दिली. मोहरी करपली, ते मला आठवतं. प्रोफेसर नाराज झाले असावेत, लांबून आले होते. जाताना त्यांनी प्रत्येक कागदावर माझ्या चिठ्ठीखाली आपली एक छोटी चिठ्ठी लावली. इंग्रजीत एका ओळीत: स्थळाची नोंद विश्वास ठेवण्याजोगी नाही, संग्राहकाचा हलगर्जीपणा. खाली सही. त्यांच्या रीतीप्रमाणे ते बरोबरच होतं. दादानं खळीची वाटी त्यांना स्वतः धरून दिली.

संध्याकाळी मी रडले, माफी मागितली. मी प्रोफेसरांना पत्र लिहिते म्हटलं, तर म्हणाला, "ऱ्हाऊ दे. तुझं नाव कशापायी? मास्तरीण हायेस, पोरी शिकिवतीस." आणि मी राहू दिलं. आठ दिवसांनी लिहीन म्हटलं, मग दिवाळीनंतर. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं होतं, आणि त्याचीच मला आजवर सगळ्यात जास्त लाज वाटते.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही दोघं लासुर्ण्याला गेलो, पुन्हा गोळा करू म्हणून. माळ नव्हता. म्हणजे जमीन तिथंच होती, पण मुरूम सपाट करून वर काळी माती टाकलेली, आणि नजर जाईल तिथवर ऊस. बांधावर एक म्हातारे बसले होते, दादा त्यांना तात्या म्हणायचा. दादानं वाळकं रोप दाखवलं. तात्यांनी ते डोळ्याजवळ धरलं. "व्हय, हुतं की हे. बारकं, निळं. शेरडं खायाची," ते म्हणाले. "आता पानी आलं, ऊस आला. कशाला ऱ्हातंय ते? तुमीच की सायेब पानी आनलं." त्यांनी ते कौतुकानंच म्हटलं होतं. दादानं मान डोलावली. त्याच पाण्यावर आम्ही लहानाचे मोठे झालो होतो, त्याच पाण्याचा त्याला पगार होता, तक्रार कुणाकडं करणार? त्यानंतर दोन हिवाळे आम्ही मधल्या गावांचे बांध पालथे घातले. सुट्टीच्या दिवशी सकाळी भाकरी बांधून निघायचं आणि पाय ओढत परत यायचं. बिनलवेचं मिळायचं. लवेचं एकदाही मिळालं नाही. तो कधी म्हणाला नाही की हे तुझ्यामुळं. दमलो की झाडाखाली बसून मला पायातले काटे काढून द्यायचा, नि शेजारच्या गवताचं नाव सांगायचा. जुनं आणि नवं, दोन्ही.

गेल्या आठवड्यात प्रोफेसरांचं पत्र आलं. दादाचा सगळा संग्रह कॉलेज घेऊन जाणार आहे, माणूस येतोय. खाली त्यांनी आपल्या हातानं दोन ओळी जास्तीच्या लिहिल्या होत्या. त्या तेवीस कागदांबद्दल आपल्या बंधूंनी शेवटी काही सांगितलं असेल, किंवा आपल्याला आठवत असेल, तर स्थळं भरून पाठवा, निदान त्या लवेच्या रोपाचा विचार पुन्हा करता येईल. कदाचित बंधूंचं नावही त्याला देता येईल.

मी ते कागद जमिनीवर मांडून बसले. चिठ्ठ्या माझ्याच अक्षरातल्या, मी काय लिहीन ते कुणी तपासणार नव्हतं. लवेची नऊ रोपं लासुर्ण्याची, बाकीची इकडची, आणि ती दोन मधली... त्यांना काटेवाडी किंवा लासुर्णे, काहीही. दादाचं नाव पुस्तकात लागलं असतं. मी दौत उघडलीसुद्धा. पण लव आहे म्हणून ते लासुर्ण्याचं, असं मी लिहायचं आणि लासुर्ण्याचं आहे म्हणून लव, असं प्रोफेसरांनी म्हणायचं, यात रोपानं काय सांगितलं? सगळं मीच सांगितलं. दोन हिवाळे काट्यांतून हिंडलेल्या माणसाच्या नावावर मी मनचं लिहून ठेवायचं, आणि तेही दुसऱ्यांदा. मी दौत झाकून ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी तेवीस चिठ्ठ्या कापल्या. या वेळी पट्टी घेतली नाही. प्रत्येकीवर लिहिलं की मूळ चिठ्ठ्या मी काढून जाळल्या, स्थळं मला ठाऊक नाहीत, संग्राहकाचा दोष नाही. खाली माझी सही आणि तारीख.

कॉलेजचा माणूस आला तेव्हा शेवटच्या दोन-तीन चिठ्ठ्या चिकटवायच्या राहिल्या होत्या. तरुण, नीटनेटका माणूस. खोके बांधता बांधता त्यानं वाचलं, आणि जरा संकोचून म्हणाला, "बाई, मग प्रोफेसरसाहेबांची ही वरची चिठ्ठी आता खोटी पडली. काढून टाकू का? गणपतरावांबद्दल उगीच वाईट दिसतं." त्याचा हात चिठ्ठीच्या कोपऱ्यावर होता, नख लावायचाच अवकाश. खरं सांगते, मला ती काढलेली हवी होती. पाच वर्षं ती ओळ माझ्या डोळ्यांपुढं आहे. मी त्याला म्हटलं, "नको. राहू द्या. त्यांना त्या दिवशी तेवढंच सांगितलं होतं."

मग उरलेल्या चिठ्ठ्या मी प्रोफेसरांच्या चिठ्ठ्यांखाली लावल्या आणि खळ वाळेपर्यंत एकेक कागद दोन्ही हातांनी दाबून धरला. दादा असाच धरायचा.